दर पाच सेकंदाला नाचणगाव

पुणे, १४ जानेवारी २०२५

ती. मामांना रक्षाचा नमस्कार.

मेलवर एवढं लांब पत्र पाहून दचकू नका. फोनच करणार होते, पण तुम्ही फोनवर "हं, हं, बरं" याच्या पुढं जात नाही. जन्मभर एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडले, आता कानाला लावला की कान दुखतो म्हणता. शिवाय विषय ऑफिसचा आहे, लिहिलेलाच बरा.

सरळ विचारते, सरळ उत्तर द्या. "नाचणगाव" नावाचा प्रोग्रॅम तुमचा आहे का?

आमची कंपनी वायफायवर चालणारे प्लग बनवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. २०२२ च्या दिवाळीत आईच्या देवघरात मी जो लावून दिला आणि ज्याचं ॲप तुमच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं, तोच. प्लग चालू आहे की बंद, ते आमच्या सर्व्हरला कळत राहतं, आणि ग्राहकानं ॲप उघडून विचारलं की सर्व्हर सांगतो. माझं काम म्हणजे सर्व्हरवर किती भार पडतो ते मोजायचं. गेलं वर्षभर भार चढतच चालला आहे आणि विक्री काही त्या मानानं वाढलेली नाही. म्हणून आमच्या साहेबांनी, भूपेंद्र सरांनी, मला सांगितलं की आपलं ॲप सोडून बाहेरचे प्रोग्रॅम लावून कोण कोण विचारत बसलंय आणि त्यांचा भार किती, याचा अंदाज काढ.

प्रोग्रॅम कुठलाही असो, सर्व्हरच्या दारात आला की आधी स्वतःचं नाव सांगतो. मी नावांची यादी काढली. पहिलं नाव आमच्याच ॲपचं. दुसरं नाचणगाव! सुरतहून नाचणगाव, कोइमतूरहून नाचणगाव, इंदूरहून नाचणगाव. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, जपानी शब्द असेल गं. माझ्या माहितीत नाचणगाव एकच, पुलगावला लागून आहे ते, आणि तिथं माझी आई राहते. त्या गावाशी नातं असलेला आणि नसत्या वायरीत हात घालणारा माणूसही माझ्या माहितीत एकच आहे.

ऑफिसात अजून काही बोललेले नाही. आधी तुमचं उत्तर येऊ द्या.

तिळगूळ मामीनं केला असेलच. माझ्या वाटचा तुम्ही खाल्लात हेही गृहीत धरते.

रक्षा

*

पिपरी मेघे, वर्धा, १६ जानेवारी

चि. रक्षास आशीर्वाद.

पकडलंस पोरी. गुन्हा कबूल.

प्रोग्रॅम माझाच. तुमच्या ॲपमध्ये एक खोट आहे. आपण उघडून पाहिलं तरच ते बोलते, स्वतःहून काही सांगत नाही. मले असं पाहिजे होतं की दिवा लागला, विझला, की मोबाईलनं मले हाक मारावी. तुमच्या कंपनीले दोन मेल केले. "आपल्या सूचनेबद्दल आभार" असं उत्तर आलं, दोन्ही वेळा अक्षरशः तेच. मग म्हटलं, आपणच करू. रिटायर माणसाले वेळ काही कमी आहे का? दीड महिना इंटरनेटवर वाचलं, चार लोकांले विचारलं, आणि झालं काम. फुकट शिकलो होतो म्हणून फुकटच वाटलं. जिथून शिकलो तिथंच टाकून देलं, ज्याले पाहिजे त्यानं घ्या. नाव काय द्यावं सुचत नव्हतं. प्लग नाचणगावचा, म्हणून नाचणगाव. ज्यांनी घेतलं त्यांनी नाव बदललं नाई, यात माझा काय दोष? कोइमतूरपर्यंत गेलं हे वाचून मात्र छाती दोन इंच फुगली. तुझ्या मामीले सांगितलं, तर म्हणते, "तिथं जाऊन दिवे लावा आता."

पण भाराचं काय म्हणतेस ते समजलं नाई. माझा प्रोग्रॅम नुसतं विचारतो, चालू का बंद? सर्व्हर म्हणतो, आधी होतं तेच. संपलं. याले आम्ही रिंग म्हणत होतो. तू पहिल्यांदा पुण्याले शिकायले गेलीस तेव्हा पोचल्यावर दोन रिंगा देऊन ठेवत होतीस, आठवते? दोन वाजून बंद झाल्या की तुझी आई म्हणे, पोचली पोट्टी, लावा आता भात. तीन वाजल्या तर आम्ही उलट फोन करायचा. उचललाच नाई तर बिल कशाचं? माझाही प्रोग्रॅम उचलत नाई, नुसती रिंग देते.

हौस म्हणून केलेलं काम आहे, बाकी काही नाई. ऑफिसात सांगायचं तर सांग, पण ते बंद करू नको. एवढंच मागणं.

मामा

*

पुणे, २१ जानेवारी

ती. मामा,

तुमची रिंगची उपमा मी भूपेंद्र सरांना ऐकवली, तुमचं नाव न घेता. ते नागपूरचे आहेत, त्यांच्याही घरी हाच धंदा चालायचा. खूप हसले, आणि मग म्हणाले, आता आकडे दाखव.

आकडे ऐका. नाचणगाव वापरणारी घरं साधारण नऊ हजार. आमचं स्वतःचं ॲप वापरणारी चार लाख. तुम्ही प्रोग्रॅमला दर पाच सेकंदाला विचारायला सांगितलंय. म्हणजे एक घर दिवसात सतरा हजार दोनशे ऐंशी वेळा विचारतं. नऊ हजार घरांचे दिवसाचे साडेपंधरा कोटी प्रश्न झाले. आमच्या चार लाख घरांचे मिळून साडेबावीस कोटी. शंभरात दोन घरं, आणि भार चाळीस टक्के!

दर पाच सेकंदाला, मामा? देवघरातला दिवा आहे की लढाईवरचा?

आणि उचलला नाही तर बिल नाही हे खरं, पण तुम्ही तर एक्स्चेंजमधले. रिंग वाजवायलाही लाईन अडकतेच ना? दिवाळीच्या संध्याकाळी पोचल्याच्या रिंगांनी एक्स्चेंज तुंबायचं आणि तुम्ही घरी येऊन लोकांच्या नावानं खडे फोडायचात, ते मी लहानपणी ऐकलेलं आहे. तुम्ही तर सगळ्या देशाला रोज दिवाळी करून ठेवलीत.

पाचाऐवजी दहा मिनिटं करा, आणि लोकांनाही करायला सांगा. माझा अंदाज मात्र मला द्यावाच लागेल. भार खरोखर एवढा असेल तर वरचे लोक बाहेरच्या प्रोग्रॅमना दार बंद करायचं म्हणताहेत. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर बोल लावू नका.

एक गोष्ट मात्र कळत नाही. त्या दिव्यात तुम्ही एवढं काय पाहता?

रक्षा

*

पिपरी मेघे, २५ जानेवारी

चि. रक्षा,

चूक झाली. एक्स्चेंजच्या माणसानं ही चूक करायची म्हणजे आचाऱ्यानं मीठ विसरायचं. तू दिवाळीची आठवण देलीस तेव्हा लाज वाटली. माझ्या घरी दहा मिनिटं करून टाकलं. लोकांसाठीही नवीन टाकलं. पण ज्यांनी एकदा लावलं ते पुन्हा पाहत नाईत. मी विचारपूस केली, बहुतेकांची गिझरं आहेत. गिझर चालू राहिलं का एवढंच पाहायचं असते त्यांले.

आता तुझा प्रश्न. हौस म्हटलं ते खोटं होतं. तुझ्या आईनं मले शपथ घातली होती, म्हणून दीड वर्ष बोललो नाई. आता तुम्ही बंद करायचं म्हणता, तर शपथ मोडतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये बाई, तुझी आई, न्हाणीत पडली. सकाळी सहाले पडली आणि दुपारी एक वाजता शेजारच्या भागीरथेले आवाज गेला. सात तास ओल्या फरशीवर. खुबा मोडला नाई ही देवाची कृपा. मी पोचलो तेव्हा ओठ निळे पडले होते आणि मले म्हणते, "रक्षाले सांगशील तर मेलेलं तोंड पाहशील माझं. ती नोकरी सोडून इथं येऊन बसन." पिपरीले चल म्हटलं, तर नाई. कामवाली ठेव म्हटलं, तर नाई. रोज सकाळी फोन करून पाहिला. चार दिवस उचलला, पाचव्या दिवशी म्हणाली, "मेली का जिती, हेच पाहून राह्यला ना? नको करू." तेव्हापासून उचलतच नाई, मोबाईल ज्वारीच्या डब्यावर ठेवून देते.

मग तुझा प्लग आठवला. बाई रोज सहाच्या आत उठते आणि त्या प्लगचं बटन दाबून देवघरातला बल्ब लावते. बल्ब लागला म्हणजे बाई उठली. सहापर्यंत नाई लागला, किंवा दहा मिनिटं सर्व्हरचं उत्तरच नाई आलं, तर माझा मोबाईल बोंबलते. मी स्कूटर काढतो आणि तासाभरात नाचणगाव. तिले यातलं काही माहीत नाई.

आजवर सात वेळा गेलो. सातही वेळा बाई ठणठणीत. कधी म्हणे लाईट गेली होती, कधी म्हणे विसरली. मी आपला कढीपत्ता न्यायले आलो म्हणतो, काहीबाही सांगतो. पण नशीब पाहा, बहुतेक वेळा पोहे भिजवलेले, आणि दोघांले पुरतील इतके. खातो, चहा घेतो, परत येतो.

दर पाच सेकंदाले काऊन विचारतो, म्हणालीस. ती सात तास पडून होती, म्हणून.

दार बंद करणं तुझ्या हातात नसन तर निदान एक दिवस आधी कळवजो. मी तिथंच जाऊन राहीन, तिनं हाकललं तरी.

मामा

*

पुणे, ३० जानेवारी

ती. मामा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी रजा टाकली. घरातच बसून होते. आधी तुमचा राग आला, मग आईचा, आणि मग स्वतःचा, तो अजून गेलेला नाही. सात तास. त्या ऑगस्टमध्ये मी काय करत होते ते पाहिलं. ऑफिसचं स्नेहसंमेलन होतं, माझे फोटो आहेत, सगळ्यात हसतेय.

आईला फोन केला. तिनं उचलला नाही. चौथ्यांदा उचलला आणि म्हणाली, "काय झालं? पैसे पाहिजेत का?" मी नको म्हणून फोन ठेवला. तुमची शपथ मी मोडणार नाही.

कामाचं सांगते. माझा अंदाज वरच्यांना पटत नाही. नऊ हजार घरं चाळीस टक्के भार टाकूच शकत नाहीत, तुझी मोजणी चुकलीय, असं त्यांचं म्हणणं. खात्री कशी करायची ते ठरतंय. शेवटी दार कायमचं बंद होणार असेल तर तुम्हाला आधी कळवेन. हा शब्द देते.

रक्षा

*

पिपरी मेघे, १२ फेब्रुवारी

चि. रक्षा,

चष्मा सापडत नाई, म्हणून थोडक्यात.

आज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मोबाईल बोंबलला. उत्तर नाई, असं म्हणत होता. नेट पाहिलं, चांगलं होतं. बाईले फोन लावला, उचलला नाई. निघालो. धुकं होतं. बाई ठीक आहे. बल्ब सहाच्या आधीच लागला होता, मोबाईलनं नंतर सांगितलं, तेव्हा मी रस्त्यात होतो.

तुमच्याकडं काही झालं होतं का? सकाळपासून दोनशे लोकांचे निरोप आहेत, त्यांच्याकडंही तेच.

बाकी ठीक. पोहे नव्हते आज, नुसता चहा घेतला.

मामा

*

पुणे, १३ फेब्रुवारी

ती. मामा,

झालं होतं, आणि ते मीच केलं.

मोजणीची खात्री करायची तर एकच उपाय होता. तासभर बाहेरच्या प्रोग्रॅमना दार लावायचं आणि भार किती उतरतो ते पाहायचं. पहाटे पाच ते सहा ही वेळ मीच सुचवली, कारण त्या वेळी आमचं गिऱ्हाईक झोपलेलं असतं. चाचणीबद्दल बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे. मी मनाशी म्हटलं, कायमचं बंद होणार असेल तर कळवेन हा शब्द दिलाय, हा तर नुसता एक तास आहे. आई सहाला उठते, सहाला दार उघडेलच. उत्तर नाही आलं तर दहा मिनिटांत तुमचा मोबाईल ओरडतो, हे तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. वाचूनही मी हिशेबात धरलं नाही.

निकालही सांगते, तुम्हाला त्यातलं कळतं. भार उतरला नाही. तिपटीनं चढला. तुमच्या प्रोग्रॅममध्ये मी पाहिलं. उत्तर नाही आलं तर दर सेकंदाला पुन्हा विचार, असं लिहिलंय. रीडायल! नऊ हजार घरं बंद दारावर दर सेकंदाला थापा मारत होती. वरचे लोक घाबरले आणि पंधरा मिनिटं आधीच, पावणेसहाला दार उघडायला लावलं. दार लावलं की भार वाढतो, हे माझ्या कुठल्याच गणितात नव्हतं.

आता ते माझं ऐकायला तयार आहेत. पण मला त्याचा आनंद झालेला नाही. धुक्यात तुम्ही सदुसष्टाव्या वर्षी स्कूटरवर निघालात, ते माझ्यामुळं. चुकले मी. रागवायचं असेल तर रागवा, पण "बाकी ठीक" एवढंच लिहू नका.

रक्षा

*

नाचणगाव, १८ फेब्रुवारी

चि. रक्षाले आईचे आशीर्वाद.

तुमी मामा-भाची मोबाईलवर लिहून राह्यले असं मामानं सांगतलं. मले थे येत नाई, म्हून वहीचा कागद फाडला. भागीरथेच्या सुनेनं पाकीट आणून देलं. अक्षर समजलं नाई तं मामाले विचारजो.

पैले थे सांगतो जे त्यानं तुले सांगतलं नसन. त्याचा उजवा हात मोडला. देवळीच्या अलीकडं धुक्यात गाडी घसरली. दुधाच्या गाडीवाल्यानं माह्या दारात आणून सोडलं. हात दुपट्ट्यात गुंडाळलेला, कपाळाले रक्त, आणि मले विचारते, "बाई, तू ठीक आहे ना?" अव माय, मी म्हटलं, मी ठीक आहो, तू काऊन असा होऊन आला? सहा हप्त्याचं प्लास्टर आहे. तुले पत्र लिवलं थे डाव्या हातानं. चष्मा तं नाकावरच होता त्याच्या.

मंग त्यानं सगळं सांगतलं. बल्बाचं, मोबाईलचं, तुह्या हापिसाचं. त्याले वाटलं, मले धक्का बसन. मले काय धक्का बसते बाप्पा? मले पैल्यापासून मालूम आहे.

अव, बल्ब लावला नाई का सातले हा दारात. एकदा म्हणे कढीपत्ता पाहिजे. वर्ध्यात कढीपत्ता भेटत नाई का? एकदा म्हणे पुलगावच्या बँकेत काम होतं, आणि दिवस रविवार! मले शक आला. मंग आठ दिवसानं मुद्दाम नाई लावला. पुन्हा हजर. तवा समजली का तुह्या त्या डब्ब्यातून चुगली जाते. देवापाशी तेलाचा दिवा मी रोजच लावतो, त्याची चुगली होत नाई. बल्बाचीच होते.

तवापासून मले त्याची आठवण आली का मी बल्ब लावत नव्हती. रात्रीच ठरवून घेत होती आणि सकाळी दोघांचे पोहे भिजवत होती. तो विचारे, बाई, बल्ब काऊन नाई लावला? मी म्हणे, लाईट गेलती. सगळ्या मिळून सात वेळा आला. दोघं बहीणभाऊ बसून खात होतो. मी आठ वर्षांची असतानी त्याले कडेवर घेऊन हिंडली, आता सरळ 'ये' म्हणायची लाज वाटे मले.

आणि कार्तिकात मले ताप होता. नऊ दिवस गोधडीतून उठली नाई. तो आला असता तं उचलून पिपरीले घेऊन गेला असता. म्हून भागीरथा रोज सहाच्या आत येऊन बटन दाबून जाये. तुमच्या मोबाईलमधी मी थे नऊ दिवस एकदम मस्त होती.

त्या दिवशी तं मी बल्ब टायमावर लावला होता. त्याले बोलावलंही नव्हतं. तरी तो आला आणि हात मोडून घेतला. मले लय रडू आलं. हे माहंच पाप आहे. इतक्या वेळा खोटं बोलावलं, म्हून आठव्या वेळी तो असा सुसाट निघाला. तू सोताले दोष देऊ नको.

पण राग मले तुमच्या दोघांचाही आला. बल्बाले विचारता, सर्व्हरले विचारता, मले कोणी नाई विचारत. तू दिवाळीत आली, दोन दिवसात गेली. मी पडली थे तुले सांगतलं नाई, ही माही चूक. पण तुले सांगाले मी भेतो काऊन, याचाही विचार करजो.

डब्बा मी काढून टाकला. आता माहं ऐक. तू पुण्याले गेली तवा पोचली का दोन रिंगा देत होती. आता रोज सकाळी साडेसहाले तू मले रिंग देजो. मी उचलणार नाई, उगाच रोज काय बोलायचं? मी कट करन. कट झाला म्हणजे मी आहो. मोबाईल ज्वारीच्या डब्ब्यावरून काढून उशाशी ठेवला आहे.

कट नाई झाला, तं येजो.

आई

*

पुणे, २८ मार्च

ती. मामा,

प्लास्टर निघालं हे मामीकडून कळलं. उजव्या हातानं पहिलं पत्र मला लिहा. मनगट अजून दुखत असेल तर "बाकी ठीक" लिहू नका, दुखतं म्हणून लिहा.

तुमच्या नव्या प्रोग्रॅमबद्दल ऑफिसातली मंडळी बोलतात. भेटलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, फोन आला का हे कोणी दर पाच सेकंदाला रिसीव्हर उचलून पाहत नाही, घंटी वाजते. तेच मी भूपेंद्र सरांना लिहून दिलं. आता प्लग चालू-बंद झाला की सर्व्हर स्वतःच घंटी देतो, बाहेरच्या प्रोग्रॅमलाही. जुनी विचारण्याची वाट मेअखेरीला बंद होईल, तारीख सगळ्यांना कळवलीय. नऊ हजारांपैकी साडेसहा हजार घरं नव्या वाटेवर आली. त्यांचे सगळे प्रश्न मिळून आता दिवसाला दोन लाखांच्या आत आहेत. नाव अजून नाचणगावच आहे, मी बदलू दिलं नाही. त्यात नाचणगावचा एकही प्लग नाही ही गोष्ट वेगळी.

आईच्या पत्रानंतर मी चार दिवस घरी जाऊन आले, ते तुम्ही पाहिलंच. एप्रिलमध्ये पुन्हा येतेय, पंधरा दिवस. तिथूनच काम करीन, सरांनी हो म्हटलंय. आईला विचारलं. म्हणाली, "ये, पण माह्या मागं-मागं हिंडू नको."

रिंगेचं सांगते. रोज साडेसहाला देते. दुसऱ्या रिंगला ती कट करते. एकदा पहिल्याच रिंगला केला, तेव्हा मी दिवसभर खुशीत होते. गेल्या मंगळवारी चौथ्या रिंगला केला, तोवर मी तुमचा नंबर काढून ठेवला होता. नंतर कळलं, दूध उतू जात होतं. एवढी वर्षं मी कोटींत मोजतेय, पण मोजताना असं कधी झालं नव्हतं.

आज दोन रिंगा झाल्या. तीन झाल्या. चार, पाच. कट झाला नाही. मी उभी राहिले. सहाव्या रिंगला मी पायात चपला घातल्या होत्या, पुण्यात, आणि नाचणगाव सातशे किलोमीटरवर. तेवढ्यात तिनं उचलला.

मी म्हटलं, "आई, काय झालं?"

"काई नाई. म्हटलं, पाहू बोलून. भाजी काय केली आज?"

बेचाळीस मिनिटं बोललो, मामा. चपला तशाच पायात होत्या. ऑफिसला उशीर झाला.

रक्षा